फासा काय विचारतो?

टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. कुणी योद्धा होतं, कुणी मांत्रिक, आणि एक जण बाकीचं सगळं जग चालवतो. या कल्पनारम्य भूमिका-खेळांत गेली पन्नास वर्षं एक भांडण चालू आहे: नियम मोठे की गोष्ट? एका बाजूचं म्हणणं, फासा पडेल ते मुकाट मान्य करायचं, नाहीतर धोक्याला अर्थच उरत नाही. दुसऱ्या बाजूला वाटतं, रंगात आलेल्या प्रसंगाचा नियमपुस्तक विचका करतं. मला हे भांडणच चुकीच्या जागी मांडलेलं वाटतं. गोष्ट कोणत्या वाटेनं जाणार, हे बहुतेक वेळा नियमच ठरवत असतो.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ युद्धखेळांच्या परंपरेतून आला. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत भुयारातून खजिना बाहेर काढला की अनुभवाचे भरपूर गुण मिळत. पात्रं मात्र एखाद-दुसऱ्या घावात मरत. त्यामुळे शहाणा खेळाडू ड्रॅगनशी लढायच्या भानगडीत पडत नसे. ड्रॅगन झोपेपर्यंत तो थांबायचा आणि सोनं घेऊन पसार व्हायचा. हुलकावणीच्या या कथा कुणी आधी लिहून ठेवल्या नव्हत्या. पुढे सोन्याचे गुण मागे पडले, लढाईचे वाढले, आणि त्याच भुयारांत आता वीर उतरू लागले.

१९९१ च्या ‘व्हँपायर: द मास्करेड’नं गोष्टीचा झेंडा उघडपणे खांद्यावर घेतला. माणुसकी हळूहळू गमावत जाण्याची वेदना हा त्याचा विषय. त्यासाठी त्यात माणुसकीचं मापही होतं. पण अमानवी शक्ती आणि मारामारी यांना नियमांत इतकी जागा मिळाली, की वेदनेपेक्षा पराक्रमच सहज हाती लागावा. हेतू प्रस्तावनेत राहिला.

याच्या उलट ‘ड्रेड’ हा २००५ चा भयखेळ. त्यात फासेच नाहीत. लाकडी ठोकळ्यांचा जेंगाचा मनोरा मध्ये उभा असतो. जोखमीचं काही करायचं तर त्यातला एक ठोकळा ओढायचा. मनोरा कोसळला की ते पात्र कथेतून गेलं. तासाभरानं मनोरा डुगडुगू लागतो आणि दार उघडू की नको, हा प्रश्न खेळाडूच्या बोटांत उतरतो. इथे नियम आणि गोष्ट वेगळी काढताच येत नाहीत. व्हिन्सेंट आणि मेग्वे बेकर यांच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’नं (२०१०) साध्या दोन फाशांत हेच साधलं. बेरीज दहा किंवा जास्त आली तर काम फत्ते; सात ते नऊ आली तर काम होतं, पण काहीतरी किंमत मोजून. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी १५ या मधल्या पट्ट्यात पडतात, म्हणून कथेला सतत नवी गुंतागुंत मिळत राहते.

आज सर्वाधिक खेळली जाते ती मात्र ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची २०१४ ची पाचवी आवृत्ती आणि तिचं २०२४ चं सुधारित रूप. ‘क्रिटिकल रोल’सारखे, हा खेळ प्रेक्षकांसमोर खेळून दाखवणारे कार्यक्रम पाहून नवे खेळाडू नातेसंबंध, अपराधभाव, विरह शोधत येतात; नियमपुस्तक त्यांच्या हाती मुख्यतः लढाईची हत्यारं देतं. उरलेलं सगळं खेळ चालवणाऱ्यानं स्वतःच्या जिवावर निभवायचं. हा भार अन्यायाचा आहे. ‘क्रिटिकल रोल’च्याच मंडळींनी २०२५ मध्ये ‘डॅगरहार्ट’ हा स्वतःचा खेळ काढला. त्यात बारा बाजूंचे दोन फासे एकत्र टाकतात, एक आशेचा, एक भीतीचा, आणि कोणता वरचढ ठरला यावर कथेचा पुढचा झोका ठरतो.