आल्फ्रेड वॉलिसची चित्रे आणि आगंतुकाची दृष्टी

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाशी, कॉर्नवॉलमध्ये वसलेले सेंट आइव्हज हे एके काळी तारलीच्या जातीच्या पिल्चर्ड माशांवर जगणारे बंदर होते. १८७७ साली तेथे आगगाडी पोहोचली आणि पुढे चित्रकारांची ये-जा वाढली. मासेमारी ओसरू लागली तशा शिडे ठेवण्याच्या माड्या चित्रशाळा बनल्या. या नगराच्या कलेचा विचार करताना म्हणूनच एक प्रश्न टाळता येत नाही: तेथील समुद्र कोणाच्या डोळ्यांनी पाहिला गेला?

ऑगस्ट १९२८ मध्ये बेन निकोल्सन व क्रिस्टोफर वुड या चित्रकारांना एका उघड्या दारातून आल्फ्रेड वॉलिस (१८५५–१९४२) ‘सापडला’, असे सांगितले जाते. हा शब्दच आगंतुकाचा आहे. वॉलिस १८९० पासून त्याच गावात राहत होता. पूर्वी तो दर्यावर्दी होता, नंतर गलबतांच्या जुन्या सामानाचा व्यापारी. १९२२ मध्ये पत्नी वारल्यानंतर, सत्तरीच्या सुमारास, तो चित्रे काढू लागला: वेड्यावाकड्या पुठ्ठ्यांवर, गलबतांना लावावयाच्या रंगांनी आणि केवळ आठवणीतून.

त्याच्या चित्रांत घरे लहान, गलबते मोठी आणि बंदर नकाशासारखे उभे दिसते. यथादर्शनाचे नियम मोडल्यामुळे या शैलीस ‘बालसुलभ’ म्हटले गेले. परंतु हा निर्णय अपुरा आहे. यथादर्शन काठावर स्थिर उभा असलेला प्रेक्षक गृहीत धरते. दर्यावर्द्याला असे स्थिर ठिकाणच नसते. खडक, दीपस्तंभ, बंदराचे तोंड यांचे त्याच्या लेखी असलेले महत्त्व अंतरावर अवलंबून नसून संकटावर व उपजीविकेवर अवलंबून असते. वॉलिसचे प्रमाण हे या अनुभवाचे प्रमाण होय. त्याच त्या गलबतांची पुनरावृत्ती कधी साचेबंद होते, हे मात्र मान्य केले पाहिजे.

आगंतुकांचे ऋणही नाकारता येत नाही. जिम ईड यांनी जमविलेली त्याची चित्रे आज केंब्रिजच्या ‘केटल्स यार्ड’मध्ये जतन झाली आहेत. तथापि हे कौतुक होत असतानाही वॉलिसचा अंत मॅड्रनच्या अनाथाश्रयात झाला, हे विसरता येत नाही.

सेंट आइव्हजमध्ये १९९३ साली टेटचे कलादालन उघडले. २०१६ मध्ये नव्या घरांत कायम राहणाऱ्यांनीच राहावे, असा कौल रहिवाशांनी मोठ्या बहुमताने दिला. पाहणारा व राहणारा यांच्यातील हा भेद वॉलिसच्या पुठ्ठ्यांवर आधीच उमटलेला आहे. त्या चित्रांचे मूल्यमापन त्यापासूनच सुरू झाले पाहिजे.