‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका आणि समान संरक्षणाचा प्रश्न

जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’ (१८७३) या ग्रंथाची अर्पणपत्रिका मराठी समीक्षेत वारंवार उल्लेखिली जाते. तिच्यावर थांबून विचार मात्र क्वचितच होतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या दास्यमुक्तीसाठी झटलेल्या तेथील सज्जनांना हा ग्रंथ अर्पण केलेला आहे, एवढे नमूद करून जोतीरावांची दृष्टी वैश्विक होती, असा निष्कर्ष काढला जातो आणि लेखणी पुढे सरकते. महाराष्ट्राबाहेरील अभ्यासकांपुढे हा ग्रंथ ठेवताना तर हाच दाखला सर्वांत आधी हाताशी येतो. तो चुकीचा नाही. पण त्यामुळे ग्रंथाच्या उत्तरार्धाकडे दुर्लक्ष होते.

ज्या वर्षी ही अर्पणपत्रिका छापली गेली, त्या वर्षीची अमेरिका कशी होती? १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने प्रत्येक व्यक्तीला ‘कायद्यांचे समान संरक्षण’ देऊ केले होते. १३ एप्रिल १८७३ रोजी लुइझियानातील कोलफॅक्स येथे कृष्णवर्णीयांची कत्तल झाली. दुसऱ्याच दिवशी तेथील सर्वोच्च न्यायालयाने न्यू ऑर्लिन्सच्या खाटकांच्या खटल्यात राष्ट्रीय नागरिकत्वाच्या हक्कांचा अर्थ इतका आकुंचित केला की नागरी हक्कांचे रक्षण मुख्यत्वे राज्यांच्याच मर्जीवर राहिले. कोलफॅक्स प्रकरणातील शिक्षाही १८७६ साली रद्द झाल्या. घटनादुरुस्ती राज्याला बांधते, खासगी व्यक्तींना नव्हे, हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. जोतीरावांनी ज्या कार्याचा गौरव केला, त्याची अशी पीछेहाट त्याच काळात सुरू झाली होती. याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही. विचार करावा असे निराळेच आहे: अमेरिकेतील मुक्ती जेथे अडखळली, ती जागा ‘गुलामगिरी’च्या लेखकाला आपल्या अनुभवातून आधीच ठाऊक होती.

जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादाचा पूर्वार्ध मत्स्यापासून परशुरामापर्यंतच्या अवतारकथांच्या उलट्या वाचनाने व्यापलेला आहे. समीक्षकांचे लक्ष साहजिकच तेथे गुंतते. चिरंजीव मानल्या गेलेल्या परशुरामाला सहा महिन्यांत हजर होण्याविषयी दिलेली नोटीस तर विडंबनाचा उत्तम नमुना म्हणून नावाजली जाते. परंतु या विडंबनाचा घाट सरकारी दप्तरातून घेतलेला आहे, याकडे लक्ष वेधले पाहिजे. पुराणपुरुषाला अर्ज-नोटिशीच्या भाषेत गाठणारा लेखक पुढे कुलकर्णी, कचेरी, इंजिनियर खाते यांच्याकडे वळतो, तेव्हा तो विषयांतर करीत नसतो. इंग्रजी अमलात लेखी कायदा बहुतांशी सर्वांना सारखा दिसत होता. फौजदारी कायद्याची संहिता १८६० सालीच झाली होती. जोतीरावांची तक्रार त्या कागदाविरुद्ध नाही. तो कागद कोणाच्या हातून रयतेपर्यंत पोचतो, हा त्यांचा प्रश्न आहे.

हा विचार अमेरिकन न्यायालयात स्पष्ट शब्दांत आला तो तेरा वर्षांनंतर. सॅन फ्रान्सिस्कोतील लाकडी इमारतींतल्या धुलाईघरांसाठी परवाना लागे. नियमात वंशाचे नावही नव्हते. तरीही चिनी अर्जदारांना तो सरसकट नाकारला गेला. १८८६ च्या यिक वो खटल्यात न्यायालयाने ठरविले की वरून निर्दोष दिसणारा कायदाही अंमलबजावणीतील पक्षपातामुळे समान संरक्षणाचा भंग करतो. जोतीरावांचा या खटल्याशी काही संबंध जोडण्याचा हेतू नाही. परंतु ‘गुलामगिरी’चा उत्तरार्ध पाल्हाळिक वाटणाऱ्या वाचकाने ही दोन प्रतिपादने शेजारी ठेवून पाहावीत.

अर्थात ग्रंथाच्या मर्यादा लपविण्यात स्वारस्य नाही. धोंडीबा फार लवकर पटवून घेतो. त्याने चार ठिकाणी अडवले असते तर युक्तिवाद अधिक कसदार झाला असता. शिवाय उपायांची मागणी सरकारकडे केलेली आहे: खालच्या वर्गांना शिकवावे, त्यांच्याकडे लक्ष द्यावे. सरकारकडे गाऱ्हाणे मांडणाऱ्या रयतेची ही भाषा आहे. हक्क बजावणाऱ्या नागरिकाची नव्हे.

ती दुसरी भाषा महाडला ऐकू आली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचे पाणी प्याले. पाठोपाठ दिवाणी दावा गुदरला गेला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो आंबेडकरांच्या बाजूने निकालात काढला. पण कशाच्या आधारे? अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादिकालीन असल्याचे सिद्ध झाले नाही म्हणून. समतेच्या तत्त्वाला त्या कायद्यात जागाच नव्हती.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १४ मध्ये ‘कायद्यांचे समान संरक्षण’ हे शब्द अमेरिकेकडून आले. पण तेवढ्याने भागले नसते. अमेरिकेत १८८३ सालीच न्यायालयाने ठरविले होते की खाणावळ, नाट्यगृह, आगगाडी यांच्या खासगी मालकांनी केलेला भेदभाव चौदाव्या घटनादुरुस्तीच्या कक्षेत येत नाही. ही उणीव भरून काढणारा कायदा १९६४ साली व्यापारविषयक अधिकाराच्या आधाराने करावा लागला. आपल्याकडे अनुच्छेद १५ (२) मध्ये दुकाने, विहिरी, तळी, स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आला आणि अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता कोणत्याही स्वरूपात पाळण्यास मनाई केली, पाळणारा सरकारी असो वा शेजारी. १९५५ च्या अस्पृश्यताविषयक कायद्याला १९७६ साली ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ हे नाव मिळाले आणि त्यात ‘नागरी हक्क’ म्हणजे अनुच्छेद १७ मुळे प्राप्त होणारा हक्क, अशीच व्याख्या केली गेली. या व्याख्येची वाट अर्पणपत्रिकेतील अमेरिकेपेक्षा ग्रंथात वर्णिलेल्या गावाकडून आणि कचेरीकडून आली आहे, असे मला वाटते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतील, कैद्यांना जातीवरून कामे वाटून देणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. झाडू कोणी मारावा आणि स्वयंपाक कोणी करावा, हे स्वातंत्र्यानंतर सात दशकांहून अधिक काळ छापील नियमांत टिकून होते. जोतीरावांच्या उत्तरार्धातील खाती आणि कारकून यांची प्रकरणे आजच्या वर्गात वाचावयाची झाल्यास, ती या निकालपत्राच्या सोबतीने वाचता येतील.