गुडघा म्हणजे बिजागरी नव्हे

शरीरातील सांधे शिकवताना आपण बहुतेक जण तीच उदाहरणे देतो. खांद्याचा सांधा उखळीचा, गुडघ्याचा बिजागरीचा. वर्गाचे दार एकदा उघडून-मिटून दाखवले की मुलांना पटते आणि धडा पुढे सरकतो. गुडघा कोणत्या दिशेने वाकतो एवढेच सांगायचे असेल, तर ही उपमा पुरेशी आहे. आमची तक्रार आहे ती तिच्या पुढच्या प्रवासाविषयी.

बिजागरी कुरकुरते, गंजते, झिजते. तेल घातले की सुटते. आजीचा गुडघा दुखू लागला की घरात हीच भाषा सुरू होते. ‘वंगण संपले’, ‘वाटी घासली’, ‘गादी फाटली’. आणि या भाषेतून उपचारही आपोआप सुचतो : आतला कचरा धुऊन काढा, खडबडीत झालेला भाग तासून गुळगुळीत करा. दुर्बिणीतून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेत नेमके हेच होते. दोन-तीन लहान छेद घ्यायचे, मिठाच्या पाण्याने सांधा धुवायचा, कास्थीचे सुटे तुकडे काढायचे, गादीची फाटलेली कड कापून टाकायची. पुष्कळ रुग्ण बरे वाटल्याचे सांगत. तर्क इतका सरळ होता की तो तपासून पाहावा असे फार थोड्यांना वाटले.

ज्यांना वाटले त्यांत अमेरिकेतील ह्यूस्टनचे अस्थिशल्यविशारद ब्रूस मोझली होते. त्यांच्या चमूने वयोमानाने येणाऱ्या संधिवाताचे १८० रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट पाडले. पहिल्या गटाचा सांधा धुऊन तासला, दुसऱ्याचा नुसता धुतला. तिसऱ्या गटाच्या त्वचेवर फक्त छेद घेतले. दुर्बीण आत घातलीच नाही. मात्र शल्यविशारदाने हत्यारे मागितली, गुडघा हलवला, पाण्याचा आवाजही केला. आपल्यावर कदाचित खोटी शस्त्रक्रिया होईल हे सर्वांना आधी सांगितले होते आणि तसे त्यांनी लिहून दिले होते. आपण कोणत्या गटात आहोत हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन वर्षांच्या काळात एकदाही खऱ्या शस्त्रक्रियेचे रुग्ण खोट्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांपेक्षा वेदनेत वा हालचालीत सरस ठरले नाहीत.

मग रुग्णांना बरे वाटत होते ते खोटे काय? नाही, ते खरेच होते; त्याचे कारण मात्र दुसरे होते. काही भाग अपेक्षेचा असतो. उरलेल्यातील मोठा भाग समजण्यासाठी वर्गात फासे आणावेत. साठ मुलांनी फासा टाकला तर सुमारे दहा जणांना एक पडेल. त्या दहांना ‘रुग्ण’ म्हणा, पाठीवर थाप मारण्याचे ‘औषध’ द्या आणि पुन्हा फासा टाकायला सांगा. सरासरी साडेतीनच्या आसपास जाईल. बहुतेक सगळे ‘सुधारले’! एकाच्या खाली जाण्याची सोयच नव्हती, त्यामुळे बदल झालाच तर वरच होणार. गुडघेदुखीही अशीच कमीजास्त होत असते आणि माणूस डॉक्टरकडे जातो तो दुखणे शिगेला पोचल्यावर. त्यानंतर काहीही केले तरी बऱ्याच जणांना काही दिवसांनी बरे वाटते. आता पुढच्या खेपेस निम्म्यांनाच थाप द्या, प्रयोग पाच-सात वेळा करा आणि बेरीज मांडा. तिसरा गट कशासाठी हवा, हे मुले स्वतःच सांगतील.

एका चाचणीवर विसंबू नये, हा आक्षेप योग्यच होता; मोझलींचे रुग्ण बहुतेक पुरुष होते आणि शल्यविशारद एकच. म्हणून पुढच्या चाचण्या महत्त्वाच्या ठरतात. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कॅनडातील ओंटारिओ प्रांतात व्यायाम व औषधे यांना शस्त्रक्रियेची जोड देऊन पाहिली. दोन वर्षांनंतर जादा फायदा आढळला नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील चाचणीत, संधिवात नसलेल्या पण झिजेने गादी फाटलेल्या १४६ रुग्णांवर खऱ्या व खोट्या शस्त्रक्रियेची तुलना झाली; वर्षअखेरीस दोन्ही गट सारखेच होते. २००८ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावात ९९१ रहिवाशांच्या गुडघ्यांची एमआरआय चित्रे घेण्यात आली होती. ज्यांची गादी फाटलेली दिसली, त्यांपैकी ६१ टक्के लोकांचा गुडघा मागील महिनाभरात दुखलाही नव्हता. चित्रात दिसते ते दुखण्याचे कारण असेलच असे नाही. २०१७ साली एका आंतरराष्ट्रीय समितीने झिजेच्या गुडघेदुखीसाठी ही शस्त्रक्रिया करू नये, अशी ठाम शिफारस केली.

बिजागरी कुठे चुकते, हे आता पाहू. बाकावर बसून गुडघा काटकोनात ठेवा, नडगीवर हात ठेवा आणि पायाचा चवडा आतबाहेर फिरवा. नडगी फिरताना हाताला कळते. दाराला हे जमत नाही. दुसरे, बिजागरीचा पत्रा निर्जीव असतो, कास्थी जिवंत असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. दाब पडला की द्रव बाहेर, दाब सुटला की आत, अशा स्पंजासारख्या क्रियेतून तिला पोषण मिळते. म्हणून हालचाल ही तिची झीज नव्हे, जेवण आहे. तिसरे, कास्थीत मज्जातंतूही नसतात. वेदना येते ती खालच्या हाडातून, सांध्याच्या अस्तरातून, भोवतालच्या ऊतींतून. कास्थी तासून वेदना का थांबावी, हा प्रश्न येथेच उभा राहतो.

याचा अर्थ शस्त्रक्रिया निरुपयोगी असा कोणी काढू नये. १९६२ साली इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी खुब्याचा कृत्रिम सांधा यशस्वी केला, तेव्हापासून सांधा बदलण्याने असंख्य माणसे पुन्हा चालू लागली आहेत. येथेही तुलना उद्‌बोधक आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, डेन्मार्कमध्ये १०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत गुडघा बदललेल्यांना अधिक आराम मिळाला, पण गंभीर दुष्परिणामही अधिक झाले. आणि केवळ व्यायाम, आहार, औषधे यांवर ठेवलेल्यांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश रुग्णांना वर्षभरात शस्त्रक्रिया लागली नाही. अपघाताने तुटलेले हाड, अडकून बसलेला गुडघा, ताप व सूज यांसह आलेले दुखणे यांची गोष्ट वेगळी. तेथे डॉक्टरांकडे जाण्यास विलंब नको.

मांडीचे स्नायू बळकट करणे आणि वजन उतरवणे हे उपाय बिजागरीच्या चित्रात बसत नाहीत, म्हणून ते लोकांना किरकोळ वाटतात. प्रत्यक्षात वजन एक किलोने घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. ‘झिजेल’ या भीतीने चालणे सोडणारी आजी मात्र स्नायू आणि कास्थी दोहोंचे नुकसान करून घेते.

पाठ्यपुस्तकातून बिजागरी काढून टाका, असे आमचे म्हणणे नाही. दार उघडून दाखवावे आणि लगेच विचारावे : गुडघा दारासारखा कोठे नाही? मुलांनी चार फरक शोधले, तर पुढे कधी तपासणीच्या टेबलाशी उभे राहून त्यांच्यापैकी एखादा डॉक्टरांना विचारील, ‘हे न करता थांबलो, तर काय होईल?’

हा प्रश्न विचारायला विज्ञानाची पदवी लागत नाही. शाळेत मिळालेली सवय पुरते.