मैदानातले माजघर

गाण्याची बैठक म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एक माफक चित्र उभे राहते. पांढरी चादर, दोन तंबोरे, पानाचे तबक आणि गवयाच्या श्वासाइतक्या अंतरावर बसलेले पन्नास-शंभर रसिक. समेवर मान हलली तर ती कुणाची हलली हे गवयाला दिसावे, इतकी जवळीक आपण गृहीतच धरलेली असते. म्हणून हजारो माणसांच्या मैदानात गाणे झाले असे कुणी सांगितले, की जुना रसिक सौजन्याने हसतो आणि विचारतो, "गाणे झाले, की सभा झाली?" प्रश्न खवचट खरा, पण टाकाऊ नाही. गाण्याला मैदान मानवते की नाही, आणि मानवत असेल तर कोणत्या गाण्याला, याचा विचार आपल्याकडे फारसा कुणी केलेला नाही. तो येथे थोडा करावा असे योजिले आहे.

निमित्त १५ डिसेंबर २०१९ च्या रविवारचे. त्या संध्याकाळी नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर 'यू-टू' या आयरिश रॉक वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. भारतातला त्यांचा हा पहिला, आणि त्या दौऱ्यातला शेवटचा. त्यानंतर असल्या कार्यक्रमांची आपल्याकडे चांगलीच चलती झाली. जानेवारी २०२५ मध्ये 'कोल्डप्ले'चे याच मैदानावर तीन कार्यक्रम झाले आणि तिकिटांसाठी घराघरांत रुसवेफुगवे झाले, हे वाचकांना आठवत असेल. तेव्हा हा विषय आता केवळ तरुण पोरांचा राहिलेला नाही.

यू-टूची थोडी ओळख करून द्यायला हवी. १९७६ साली डब्लिन शहरात लॅरी मलन नावाच्या शाळकरी मुलाने शाळेच्या फलकावर एक चिठ्ठी लावली : वादक पाहिजेत. तिला ओ देऊन जी मुले आली त्यांतली तीन टिकली. गाणारा बोनो, गिटार वाजवणारा दि एज आणि बास वाजवणारा ॲडम क्लेटन. ड्रमवर अर्थात लॅरी. हे चौघे नेरूळला उतरले तेव्हा त्यांच्या संसाराला त्रेचाळीस वर्षे झाली होती. आपल्याकडच्या नाटक कंपन्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या एका गोष्टीचेच नवल वाटेल.

त्यांची सर्वांत गाजलेली ध्वनिमुद्रिका 'द जोशुआ ट्री'. ती ९ मार्च १९८७ रोजी निघाली. नेरूळच्या कार्यक्रमाची मांडणीही तिच्याभोवतीच होती. तिच्यातली अकराही गाणी मूळ क्रमाने सादर झाली. मी या गाण्यांचा जुना आश्रित आहे. १९८८ साली उत्तनच्या एका मित्राने, जो दर रविवारी देवळात गिटार वाजवी, मला तिची कॅसेट उतरवून दिली. तेव्हा आम्ही भाईंदरला नुकतेच रुळलो होतो. मूळचे आम्ही लालबागचे. वडील गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख माणसे घरी बसली, आणि त्यानंतर पुष्कळांनी जे केले तेच आम्हीही केले. चाळीतली खोली विकली आणि जिथे परवडेल तिथे, म्हणजे भाईंदरच्या मिठागरांच्या शेजारी, येऊन राहिलो. अशा घरात डब्लिनचे गाणे कशाला शिरले, असे कुणी विचारील. मलाही ते पुष्कळ दिवस सांगता येत नव्हते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. मैदानात गाणे टिकते ते कशाच्या बळावर?

पहिले उत्तर अगदी भौतिक आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. रंगमंचापासून दीडशे मीटरवर बसलेल्या माणसाला गायकाचे ओठ आधी दिसतात आणि तिथून निघालेला शब्द जवळजवळ अर्ध्या सेकंदाने ऐकू येतो. त्यात भोवतालच्या सज्जांवरून परतणारा पडसाद मिसळतो. अशा जागी द्रुत लयीतली दाणेदार तान म्हणजे नुसता काला होईल. यू-टूचे वादन मात्र या संकटावरच उभे आहे. दि एज एक सूर छेडतो आणि यंत्राच्या साहाय्याने त्याचाच पडसाद ठरावीक अंतराने पुन्हा वाजवतो. मूळ सूर आणि पडसाद मिळून गाण्याची वीण होते. खालचे स्वरमेळ सावकाश बदलतात. म्हणजे मैदान जे गाण्यावर लादणार, ते या गड्याने आधीच आपल्या रचनेत सामावून घेतलेले असते.

हे तत्त्व आपल्याला परके नाही. पोवाडा उघड्यावर जन्मला आणि उघड्यावर वाढला. शाहीर एक चरण फेकतो आणि मागचे झीलकरी 'जी जी' करीत तो लांबवर ताणून धरतात. त्या झिलेत शाहिराला श्वास मिळतो आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द पोचायला सवड मिळते. नेरूळला ओळीच्या शेवटी बोनो थांबे आणि उरलेला सूर मैदान ओढून नेई, तेव्हा मला वाटले, हे झीलकरी झाले!

परंतु ऐकू येणे आणि काळजाला भिडणे यांत अंतर आहे. तिथे दुसरे उत्तर लागते.

कार्यक्रमाची सुरुवात फार शहाणपणाने केली होती. रंगमंचामागचा सुमारे २०० फूट रुंद पडदा विझलेलाच ठेवला होता. गर्दीत घुसलेल्या, झाडाच्या आकाराच्या एका लहानशा चौथऱ्यावर लॅरी एकटा आला आणि त्याने 'संडे ब्लडी संडे'चा ठेका धरला. ३० जानेवारी १९७२ रोजी डेरी शहरात सैनिकांनी निःशस्त्र मोर्चावर गोळ्या झाडून तेरा माणसे मारली, त्यावरचे हे गाणे. चार माणसे, चार वाद्ये आणि भोवती अंधार. एवढ्या मोठ्या जागेत हे चौघे आपल्याएवढेच दिसले, हे मला फार आवडले.

नंतर पडदा उजळला आणि 'जोशुआ ट्री'तले पहिले गाणे आले. नाव नसलेल्या रस्त्यांचे हे गाणे. त्याचा उगम बोनोने सांगितला आहे. बेलफास्ट शहरात माणूस कोणत्या रस्त्यावर राहतो एवढे कळले, की त्याचा धर्म आणि त्याची कमाई दोन्ही कळतात. मुंबईकराला याचे स्पष्टीकरण लागत नाही. आमच्याकडे नुसते स्टेशनचे नाव सांगितले की पूर्व की पश्चिम एवढेच विचारायचे बाकी उरते! गाण्याच्या आरंभी गिटार तीन मात्रांच्या झोक्यात चालते आणि ड्रम शिरताना चालीला चार मात्रांचे पाऊल लागते. ते पाऊल पडले त्या क्षणी सारे मैदान उभे राहिले. मीही उभा राहिलो. पण तो आनंद सामुदायिक होता. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल जवळ आला की होतो तसा. तो खरा असतो. दुसऱ्या दिवशी मात्र फारसा उरत नाही.

उरले ते निराळेच गाणे. क्रमाने सहावे, 'रेड हिल मायनिंग टाउन'. मार्च १९८४ ते मार्च १९८५ असा वर्षभर ब्रिटनमधल्या कोळसा खाणींतल्या कामगारांचा संप चालला आणि काही पदरात न पडता संपला. त्या संपाचे हे गाणे. पण यात घोषणा नाही, सरकार नाही, पुढारी नाही. संपामुळे ज्यांच्या बोलण्यातले शब्द संपत चालले आहेत अशा एका जोडप्याची ही व्यथा आहे. लढ्याला पाठ दाखवून कवी घरात शिरला, असा आक्षेप यावर सहज घेता येईल. माझे मत नेमके उलट आहे. संप हा रस्त्यावर दिसतो, पण सोसला जातो तो घरात. हे ज्याने संपकऱ्याचे घर पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही.

कॅसेट मिळाल्यावर वर्षभराने, इंग्रजी जरा समजू लागले तेव्हा, मी वडिलांना हे गाणे कशावर आहे ते सांगितले होते. ते भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी चालीबद्दल काही विचारले नाही, शब्दांबद्दलही नाही. एवढेच विचारले, "मग मिटला काय त्यांचा संप?"

"मिटला. वर्षाने. हाती काही लागले नाही."

"मिटला तरी," ते म्हणाले. "आमचा कुणी मिटवलाच नाही."

ते अक्षरशः खरे होते. मुंबईचा तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो नुसता विरत गेला. गाण्यावरची इतकी नेमकी टीका मी पुढे कुठे वाचली नाही. परक्या देशातल्या एका दुःखाला मुदत होती, आणि आपल्याला तीही नाही, हे त्यांनी एका वाक्यात सांगितले.

आणि हेच आपल्या शाहिरांनी फार पूर्वी ओळखले होते. अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना' ही छक्कड घ्या. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तिने मैदानेच्या मैदाने भारून टाकली. तिचा नायक कोण? बायकोला गावी ठेवून पोटासाठी मुंबईला आलेला एक गडी. तो तिच्या आठवणीने झुरतो, आणि झुरता झुरता शेवटी त्याच्या मैनेत महाराष्ट्राबाहेर राहिलेला मराठी मुलूख दिसू लागतो. अण्णा भाऊंनी नकाशापासून सुरुवात केली असती तर ती सभा झाली असती. त्यांनी मैनेपासून केली, म्हणून गाणे झाले. मैदानात गायचे असेल तर गाण्यात एक माजघर हवे, हे माझे दुसरे उत्तर.

'रेड हिल' यू-टूने तीस वर्षे कुठल्याच मैफलीत गायले नव्हते. २०१७ च्या दौऱ्यात ते प्रथम रंगमंचावर आले. नेरूळला ते मुद्रिकेवरच्या चढ्या आवेशाने आले नाही, संयमाने आले. पडद्यावर पितळी वाद्ये वाजवणारा एक बँड दिसत होता. खाणवस्त्यांत असे बँड ही जुनी परंपरा आहे. आपल्या गिरणगावात भजनी मंडळे होती, तशी. हे गाणे फारसे लोकप्रिय नसल्याने भोवतालचा गलबला उतरला. शेजारी एक तरुण मुलगी होती. तिने विचारले, "काका, हे कुठलं गाणं?"

"संपाचं," मी म्हटले, आणि गिरण्यांच्या संपासारखा, असे सांगितले.

"आमचं ऑफिस परळला गिरणीच्याच आवारात आहे," ती म्हणाली. "ते धुराडं अजून आहे. आम्ही तिथे फोटो काढतो."

यात तिचा काही दोष नाही. तिला कुणी ती गोष्ट सांगितली नाही, आणि सांगायचे काम आमचेच होते. पण उरलेले गाणे तिने मोबाइल खाली ठेवून ऐकले, हेही नमूद करायला हवे.

उत्तरार्धाबद्दल इतक्या प्रेमाने लिहिता येत नाही. एका गाण्यात पडद्यावर कर्तबगार भारतीय स्त्रियांची चित्रे एकामागून एक झळकली. हेतू उत्तम, पण प्रत्येक चेहऱ्याला दोन क्षण मिळाले, आणि लोक गाणे सोडून ओळखीचा चेहरा दिसला की टाळ्या देऊ लागले. ए. आर. रहमान आपल्या मुलींसह आले आणि यू-टूबरोबर 'अहिंसा' हे गाणे झाले. ते त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले होते. तमिळ तिरुक्कुरळाचे शब्द त्या मुलींच्या कंठातून येत होते तोवर कान तृप्त झाले. पण समग्र रचनेत अहिंसेचा गौरव आहे, अहिंसेने कुणाला काय किंमत मोजावी लागते ते नाही. पाहुण्यांच्या आदरातिथ्याला साजेसे ते गाणे होते. यजमानाने समाधान मानावे, समीक्षकाने मानू नये.

याच्या उलट, मुद्रिकेतले शेवटचे गाणे पाहा. दक्षिण व मध्य अमेरिकेत लष्करी राजवटींनी नाहीशा केलेल्या तरुणांच्या आयांवर ते आहे. किती मुले नाहीशी झाली, कुणी केली, याचा हिशेब त्यात नाही. आईला मुलाची चाहूल लागत राहते, एवढेच आहे. आणि एवढे पुरते. ज्या घरात उशिरा येणाऱ्या कुणाची तरी वाट पाहत दार ओढून घेतलेले नसते, त्या घराला हे गाणे समजते.

तेव्हा जुन्या रसिकाच्या प्रश्नाला उत्तर असे : नेरूळला त्या रात्री सभाही झाली आणि गाणेही झाले, दोहोंतला फरक माणसांच्या संख्येने पडला नाही. जिथे गायक सर्वांशी बोलू लागला तिथे आपण श्रोते राहिलो. जिथे तो एका घरातले दोघांचे बोलला तिथे प्रत्येकाला आपापले घर आठवले. पांढऱ्या चादरीवरची बैठक तरी याहून निराळे काय करते?

या दिवाळीत घरात कुणी मोठा आवाज करून असले काही लावले, तर वडीलधाऱ्यांनी लगेच आवाज कमी करायला सांगू नये. आधी विचारावे, "हे कशावर आहे रे?" आणि पोरांनी सांगावे. पुढचा प्रश्न काय येईल ते सांगता येत नाही. पण तो त्या गाण्याला तोलून पाहणारा असेल.