आईपासून तुटलेली मुले : श्याम, कार्व्हर आणि आपली समीक्षा

साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत लिहिली. ती १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' १९८१ चे. मराठी घरांनी ही दोन्ही पुस्तके मुलांच्या हाती आवर्जून दिली. पहिल्याची चर्चा संस्कारांभोवती फिरते, दुसऱ्याची जिद्दीभोवती. दोन्ही आईपासून तुटलेल्या मुलांची पुस्तके आहेत, ही गोष्ट बाजूला राहते.

हा विषय माझ्या घरचाच. आई-वडील मुंबईला चाकरीत आणि मी सव्वा वर्षाचा असल्यापासून आचऱ्यात आजीजवळ. पेज आणि पेडव्यांचे तिखले यांवर वाढलो. एका व्याख्यानात श्यामचा हळवेपणा म्हणजे 'मातृवियोगाने मेंदूत झालेला बदल' असे ऐकले आणि मी, विज्ञानाची पदवी नसलेला माणूस, स्वतःसाठीच वाचायला बसलो.

पाणी वगळले तर मेंदूच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग स्निग्धांचा असतो. त्यातले डीएचए हे ओमेगा-३ मेदाम्ल पेशींच्या आवरणात बसते. शरीर ते फार थोडे बनवते. बाळाला ते आधी नाळेतून आणि मग दुधातून मिळते. गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीपासून साधारण दोन वर्षांपर्यंत ते मेंदूत झपाट्याने साठते. आईच्या आहारात पेडवे-बांगडे असतील तर दुधातही ते जास्त उतरते.

प्रयोगशाळेत उंदरांची पिल्ले जन्मानंतरचे पहिले दोन आठवडे रोज सुमारे तीन तास आईपासून दूर ठेवतात. अशी पिल्ले मोठेपणी ताणाला अधिक बिचकतात, असे अनेक प्रयोगांत दिसले. उलट रोज पंधरा मिनिटेच दूर ठेवलेली पिल्ले पुढे ताण बरा सोसतात, कारण परतल्यावर आई त्यांना जास्त चाटते. आता, तुटलेल्या पिलाला दूध मिळत नाही आणि स्पर्शही मिळत नाही. मग इजा कशाने होते? ड्यूक विद्यापीठातील सॉल शानबर्ग यांच्या गटाने १९७० च्या दशकात दाखवले की, दुराव्याने पिलांच्या मेंदूतील वाढीशी निगडित एका विकराचे प्रमाण घटते आणि ओल्या ब्रशने आईसारखे जोराने घासले की ते सावरते. म्हणून मेंदूतल्या मेदाचा हिशेब मांडताना केवळ दुधाकडे पाहून भागत नाही.

हे समजल्यावर त्या व्याख्यानातले विधान टिकत नाही. श्यामचे तान्हेपण आईच्या कुशीत गेले. पुण्याला मामांकडे, पुढे दापोलीला, औंधला तो गेला तो शिकण्याच्या वयात. १९१७ मध्ये आई गेली तेव्हा गुरुजी सतरा वर्षांचे होते. श्यामचे दुःख भाषा आणि आठवण असलेल्या मुलाचे आहे, म्हणूनच ते बेचाळीस रात्री सांगता येते. त्याला मेंदूतली इजा म्हणणे हा शास्त्राचा गैरवापर आहे, आणि पुस्तकावर अन्यायही.

कार्व्हरचे तसे नाही. तान्ह्या वयात आईसकट त्याला पळवून नेले. तो परत मिळाला, आई मिळाली नाही. त्या मरणासन्न, खोकणाऱ्या पोराला सुझन कार्व्हरने जगवले. तुटण्याचा नाजूक काळ इथे आहे, पण आठवण नसल्याने कथा नाही. आपण ती सुरुवातीची पाने भरभर उलटून भुईमुगाच्या संशोधनाकडे धावतो. पुस्तकाचे नाव निघाले की 'प्रतिकूलतेवर मात' हे शब्द येतात आणि मात करण्याआधी त्याला हातात धरणारी बाई विसरली जाते.

उंदराच्या पिंजऱ्यात आजी नसते, सुझनही नसते. म्हणून पिलांवरचा निष्कर्ष माणसाच्या पोरावर लावताना तान्हेपणी त्याला कोणी उचलून घेतले, काय भरवले, हे आधी विचारायला हवे. चरित्राच्या समीक्षकानेही ते विचारावे. माझ्यापुरते उत्तर मला ठाऊक आहे : पेडव्याचे काटे काढून ती मऊ भातात कालवून भरवायची आणि निजताना खोबरेल तेलाच्या हाताने पाठ चोळायची.