‘सेना’ ही संज्ञा कितपत यथार्थ?

२६ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनचे तत्कालीन मंत्री मिखाइलो फेदोरोव्ह यांनी ‘आयटी आर्मी’ची घोषणा केली. रशियन कंपन्या, बँका व शासकीय कार्यालये यांच्या संकेतस्थळांची यादी टेलिग्रामवरून स्वयंसेवकांपुढे ठेवण्यात आली. हॅक्टिव्हिझम म्हणजे मुळात सत्तेविरुद्धचा संगणकीय निषेध होय. येथे मात्र लक्ष्य सत्ताच ठरविते. सबब ती संज्ञा अपुरी पडते. ‘सेना’ हीही यथार्थ नव्हे. सैनिकाला युद्धबंद्याचे संरक्षण असते. घरबसल्या संगणक चालविणाऱ्यास त्याची हमी नाही. उलट, युद्धात प्रत्यक्ष भाग घेणारा नागरिक तेवढ्या काळापुरते आपले संरक्षण गमावतो. २०२३ साली रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीतील सल्लागारांनी नागरी हॅकरांसाठी आठ नियम मांडले. नागरी लक्ष्यांवरील हल्ला त्यांत वर्ज्य आहे. गौरव शब्दाचा, जोखीम मात्र स्वयंसेवकाची, ही विसंगती अभ्यासकाने दृष्टीआड करू नये.