पाठमोरं वल्हवणं

महासागर वल्हवत पार करणाऱ्या माणसाबद्दलची एक साधी गोष्ट बातम्यांच्या मथळ्यांत कधी येत नाही. तो सगळा प्रवास पाठमोरा करतो. पायांचा आणि पाठीचा जोर वल्ह्यात उतरवायचा, तर नाळेकडे पाठ करूनच बसावं लागतं. त्यामुळे जिथे जायचं ती दिशा त्याच्या डोळ्यांसमोर नसते. समोर असतं ते मागे पडलेलं पाणी, आणि त्यावर होडीने काढलेली, बघता बघता पुसली जाणारी रेघ. मथळे मात्र 'सागरावर स्वारी', 'समुद्रावर मात' असेच असतात. स्वारी करणारा पुढे बघतो. वल्हवणाऱ्याला ती सोय नाही.

ही गोष्ट मनात ठेवून मराठीतलं समुद्राविषयीचं लेखन पुन्हा वाचलं, तर त्यातले काही कोपरे वेगळे दिसू लागतात.

सुरुवात अर्थातच कुसुमाग्रजांपासून. 'विशाखा' १९४२ सालचा, आणि त्यातलं 'कोलंबसाचे गर्वगीत' म्हणजे समुद्र ओलांडण्याची मराठीतली सर्वांत गाजलेली कविता. शाळेत ती पाठ केलेल्या अनेकांना आजही ती अर्धी तरी आठवते. वादळात सापडलेला कोलंबस समुद्राला सुनावतो, खलाशांना शिडं उभारायला सांगतो, आणि शेवटी समुद्राला त्याची मर्यादा दाखवून देतो: तुला काठ आहे, आमच्या आकांक्षेला नाही. पारतंत्र्यात वाढलेल्या पिढीला ही कविता स्वातंत्र्याची वाटली, ती का, हे समजायला वेळ लागत नाही. त्यातली विसंगतीही उघड आहे. वसाहतींच्या इतिहासाच्या दारात उभा असलेला माणूस एका गुलाम देशाच्या भाषेत मुक्तीचा प्रवक्ता झाला. त्यावर बोलून झालेलं आहे. इथे मुद्दा दुसरा आहे.

ही कविता शिडाची आहे. शीड वाऱ्याचं काम वाऱ्याकडून करून घेतं, म्हणून शिडाखाली उभ्या माणसाकडे भाषणाला दम उरतो. शिवाय कोलंबस पोचला हे वाचकाला आधीच माहीत असतं. त्यामुळे कवितेतला आत्मविश्वास थोडा इतिहासाकडून उसना घेतलेला आहे. आणखी एक: या कवितेत समुद्र 'तू' आहे. सावरकरांच्या ब्रायटनच्या किनाऱ्यावरच्या कवितेतही तो 'तू'च आहे. एकात समुद्राला आव्हान आहे, दुसऱ्यात त्याच्याशी भांडण आणि विनवणी. दोन्हीकडे त्याला ऐकू येतं, असं धरून चाललेलं आहे.

वल्हवणाऱ्यांनी लिहून ठेवलेलं वाचलं की हा 'तू' गळून पडतो. त्या लेखनाचा स्वाभाविक घाट रोजनिशीचा आहे: वारा कुठला, किती मैल पुढे, रात्री प्रवाहाने किती मैल मागे, तळहात कसे आहेत, पाणी किती उरलं. १९६६च्या उन्हाळ्यात दोन जोड्या अमेरिकेच्या किनाऱ्यावरून अटलांटिक वल्हवायला निघाल्या होत्या. जॉन रिजवे आणि चे ब्लाइथ ९२ दिवसांनी, ३ सप्टेंबरला, आयर्लंडजवळच्या एका बेटावर उतरले. डेव्हिड जॉनस्टन आणि जॉन होर त्यांच्याआधी निघाले होते. त्यांची 'पफिन' ऑक्टोबरमध्ये एका कॅनेडियन युद्धनौकेला उलटलेली सापडली. माणसं नव्हती, रोजनिशी होती. तिच्यातली शेवटची नोंदही ३ सप्टेंबरचीच. एकाच तारखेला एका होडीची गोष्ट पूर्ण झाली आणि दुसरीची तुटली. दोन्हीकडची आधीच्या दिवसांची पानं मात्र एकाच जातीची, कारण रोजनिशी लिहिणाऱ्याला आपण यातल्या कुठल्या होडीत आहोत हे ठाऊक नसतं. गर्वगीताला आणि रोजनिशीला वेगळं करतं ते हे न ठाऊक असणं.

या जातीचं मराठीत काय आहे? सगळ्यांत जवळ जाणारं पुस्तक भाषांतरित आहे: पु. ल. देशपांड्यांनी मराठीत आणलेलं हेमिंग्वेचं 'द ओल्ड मॅन अँड द सी', म्हणजेच 'एका कोळियाने'. त्याच्या शीर्षकात एक श्लेष दडलेला आहे. मराठी मुलांना हे शब्द शाळेतल्या कवितेतून आधीच माहीत असतात, आणि तिथला कोळी मासे मारणारा नसून जाळं विणणारा जीव आहे; पडतो, पुन्हा चढतो. पुलंनी एका शब्दात दोन्ही कोळी बसवले. ही नुसती शब्दांची गंमत नाही. वल्ह्याचा एक मार, मग दुसरा, मग तसाच तिसरा, ही त्या चिवट पुनरावृत्तीचीच गोष्ट आहे, आणि शीर्षक तिथे नेमकं पोचतं.

हेमिंग्वेचा म्हातारा पहाटेच्या अंधारात वल्ही मारत निघतो. इतरांच्या वल्ह्यांचे आवाज त्याला ऐकू येतात, होड्या दिसत नाहीत. कामाचा तिसरा हिस्सा तो प्रवाहावर सोपवतो. ताकद वाचवणं हेच त्याचं शहाणपण. पुढे मासा होडी ओढत नेतो. परतीला शार्क येतात तेव्हा तो वल्ह्याला सुरी बांधून त्याचाच भाला करतो. आणि घरी येतो तो ठिगळं लावलेल्या शिडावर, हरून. कोलंबसाचं शीड आणि हे शीड शेजारी ठेवून पाहावं.

त्याच पुस्तकात एक जागा आहे जिथे कुठलीही मराठी आवृत्ती अडखळणारच. म्हाताऱ्याच्या स्पॅनिशमध्ये समुद्र स्त्रीलिंगी आहे. समुद्रावर प्रेम करणारे त्याला तसंच हाक मारतात. हातात पैसा आल्यावर मोटरबोटी घेतलेले तरुण मात्र त्याला पुल्लिंगी करतात, प्रतिस्पर्धी मानतात. वल्हं आणि इंजिन यांच्यातला फरक हेमिंग्वेने एका लिंगभेदात सांगितला आहे. मराठीत समुद्र, सागर, दर्या सगळे पुल्लिंगी. स्त्रीलिंगी आहेत त्या लाट, भरती, ओहोटी, खाडी, म्हणजे किनाऱ्यावरून दिसणाऱ्या गोष्टी. आपल्या भाषेचा जीव समुद्राच्या काठावर जडलेला आहे, असं यावरून म्हणायचा मोह होतो.

तो मोह तपासायचा तर मालवणला यावं. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर वल्हवणं हे साहस कधीच नव्हतं, ते काम होतं. रापण घ्या. जाळ्याच्या दोराचं एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात राहतं. जाळं भरलेली होडी आत जाते, ते अर्धवर्तुळात सोडत जाते आणि दुसरं टोक घेऊन किनाऱ्यालाच परत येते. मग दोन्हीकडून माणसं ओढायला लागतात, आणि आलेल्या मासळीचे वाटे होतात. इथे वल्हं पलीकडे जाण्यासाठी नाही, घेरून परत येण्यासाठी आहे. पाठमोऱ्या वल्हवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जाताना किनारा असतो, आणि त्या किनाऱ्यावर त्याच्याच दोराचं टोक धरलेली माणसं असतात.

प्रल्हाद अनंत धोंड यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाचं नाव 'रापण' ठेवलं. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे अधिष्ठाता राहिलेले आणि जलरंगातल्या समुद्रचित्रांसाठी ओळखले जाणारे धोंड हे नाव सहज म्हणून ठेवणार नाहीत. आठवण म्हणजे दूरवर जाणं नव्हे, तर सोडलेलं जाळं किनाऱ्यावर ओढून आणणं, आणि जे येईल त्याचे वाटे करणं. मराठीत इतकी नेमकी समुद्री प्रतिमा दुर्मीळ आहे. पण पुस्तक चित्रकाराचं आहे. रापण त्यात नाव म्हणून, पद्धत म्हणून येते. होडीत वल्ही मारणाऱ्याचे तळहात त्या पुस्तकाचा विषय नाहीत. वेंगुर्ल्याच्या मुलखातल्या चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'कोंडुरा'त समुद्राला 'तू' म्हणून हाक नाही. तिथे तोच गर्जतो आणि माणसं त्याचा अर्थ लावत बसतात. ती कादंबरी मोठी आहे, पण तिच्यातला समुद्रही ऐकायचा आहे, त्यावर काम करायचा नाही.

याचं कारण केवळ वाङ्मयीन नाही. समुद्रोल्लंघन कलिवर्ज्य ठरवलेल्या समाजाच्या हातात लेखणी राहिली, आणि जे रोज समुद्रावर जात होते त्या गाबीत, कोळी, खारवी, भंडाऱ्यांच्या हातात वल्हं. लिहिणाऱ्याला समुद्र हा निषेध म्हणून, विरह म्हणून किंवा आव्हान म्हणून भेटला. ज्याला तो कामाची जागा म्हणून भेटला, त्याने लिहिलं नाही, किंवा लिहिलेलं छापलं गेलं नाही. त्याची मालवणी बोली 'वस्त्रहरण'मुळे महाराष्ट्रभर पोचली, पण हसवणारी बोली म्हणून. मालवणीत एखादा माणूस एकटाच विचार करतोय, भितोय, हिशेब करतोय, असं सलग गद्य आपल्या वाचनात किती येतं?

इथे कोणी म्हणेल की महासागर वल्हवणं हा हौशी लोकांचा खर्चिक खेळ आहे. रापणकराशी त्याचा काय संबंध? पण या खेळाची सुरुवात हौशी लोकांनी केलेली नाही. १८९६ साली अटलांटिक पहिल्यांदा वल्हवून पार केला तो जॉर्ज हार्बो आणि फ्रँक सॅम्युएलसन या दोन नॉर्वेजियन स्थलांतरितांनी. न्यूयॉर्कहून निघून इंग्लंडजवळच्या सिली बेटांपर्यंत ५५ दिवस, १८ फुटांची उघडी होडी. दोघांचा धंदा न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर शिंपल्या काढण्याचा. देवबाग-तारकर्लीच्या खाडीत तिसऱ्या काढणाऱ्याला ही माणसं परकी वाटली नसती. पराक्रमातून पैसा मिळेल अशी त्यांची आशा होती. ती फळली नाही.

आता या वाटेवर भारतीय नावंही आहेत. २००७ साली भाविक गांधी यांनी १०६ दिवसांत एकट्याने अटलांटिक वल्हवला. जानेवारी २०२५च्या अखेरीस अनन्या प्रसाद ५२ दिवसांनी एकटीच अँटिग्वाला पोचली. कन्नड कवी जी. एस. शिवरुद्रप्पा यांची ती नात. न दिसणाऱ्या समुद्राच्या ओढीवरची आजोबांची कविता कर्नाटकात घरोघरी गायली जाते, आणि नातीने समुद्र प्रत्यक्ष वल्हवला. मराठी माणसाचं नाव घ्यायचं तर शिडाकडे वळावं लागतं: 'म्हादेई'वरून २००९-१०मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे दिलीप दोंदे. त्यांनी अनुभव लिहिला तो इंग्रजीत.

'गर्वगीता'ने रोजनिशी व्हावं अशी मागणी करणं मूर्खपणाचं ठरेल. ते आपलं काम चोख करतं. अडचण आपल्या वाचनाची आहे. समुद्राविषयी एकच आवाज आपण पाठ केला, आणि तो किनाऱ्यावरच्या सभेत शोभणारा निघाला. दरम्यान मालवणात होड्यांना इंजिनं आली, पर्ससीनशी भांडणं सुरू झाली, आणि हाताने वल्हवत रापण सोडलेली पिढी म्हातारी झाली. त्या पिढीकडे वाऱ्यांची, प्रवाहांची, तळहाताच्या घट्ट्यांची जी शब्दसंपत्ती आहे, ती नोंदवायला महासागर ओलांडायची गरज नाही. एक वही पुरे. पण ती वही त्यांच्याच घरातल्या कोणीतरी, त्यांच्याच बोलीत, हसवायचं ओझं न घेता भरायला हवी. तिच्यात समुद्राला बहुधा कोणी हाक मारणार नाही. वारा कुठला होता आणि वाट्याला काय आलं, एवढंच असेल.